घरी आणलेल्या माणसाजवळ बसताना: शेवटच्या आजारातल्या आधाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांमध्ये, बरा न होणारा आजार झालेल्या माणसांच्या घरी मी नर्सताईंसोबत जाते. त्या जखम धुतात, औषधं बघतात. मी बसते, ऐकते, घरच्यांशी बोलते. बरेचसे प्रश्न लोक रुग्णासमोर विचारत नाहीत. ओसरीत, गोठ्याजवळ किंवा आम्ही निघताना गाडीच्या दाराशी येऊन हळूच विचारतात. तेच प्रश्न इथे आहेत.

डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." म्हणजे त्यांनी हात वर केले का?

आजार मुळातून जाईल असा उपाय आता उरला नाही, इतकाच त्याचा अर्थ. दुखणं, धाप, उलट्या, जखम, झोप न लागणं, जीव घाबरणं या सगळ्यांवर उपाय असतात आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत करता येतात. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. शेवटच्या काही आठवड्यांत, महिन्यांत अशी सेवा जिथे मिळते ते हॉस्पिस. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या डॉक्टर बाईंनी १९६७ साली आजच्या पद्धतीचं हॉस्पिस उभं केलं. आपल्याकडचं पहिलं मुंबईत १९८६ साली, वांद्र्याला सुरू झालं.

आपल्या गावाजवळ अशी इमारत बहुधा नसणारच. त्यामुळे घर हेच हॉस्पिस, आणि बाज टाकलेली पडवी हाच वॉर्ड. मदत मात्र मागायची. नागपूरचं कॅन्सर हॉस्पिटल किंवा एम्स, सेवाग्राम किंवा सावंगीचं मेडिकल, नाहीतर तुमचं जिल्हा रुग्णालय, जिथे उपचार झाले तिथे "पॅलिएटिव्हवाले डॉक्टर कोण?" असं नाव घेऊन विचारा. गावात आशाताईंना आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना कळवून ठेवा. मुंबईला टाटात जाऊन, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोनमहिने राहून परत आलेली कुटुंबं मी पाहते. पैसा संपलेला असतो, अंगातलं त्राण संपलेलं असतं, आणि "आता कुठं जायचं नाही" हे कळल्यावर घर एकदम रिकामं झाल्यासारखं होतं. खरी सेवा त्या दिवसापासून सुरू होते.

आध्यात्मिक आधार म्हणजे भजन-कीर्तन का?

असेलही, नसेलही. ते त्या माणसावर आहे. सॉन्डर्सबाईंचं म्हणणं होतं की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं असतं, घरादाराच्या काळजीचं असतं, आणि "माझ्याच वाट्याला हे का आलं, मी जगलो ते कशासाठी" या प्रश्नाचंही असतं. ही सगळी दुखणी एकमेकांत गुंतलेली असतात. गोळी देऊनही कण्हणं थांबत नाही, तेव्हा बाकीच्या दुखण्यांकडे पाहावं लागतं.

दारव्ह्याकडच्या एका घरातली गोष्ट सांगते. आजीबाईंच्या उशाशी मोबाइलवर दिवसभर हरिपाठ लावलेला. मुलानं मोठ्या श्रद्धेनं लावला होता. आजी डोळे मिटून पडलेल्या, पण कपाळावर आठी. नर्सताईंनी ड्रेसिंग करताना तो बंद केला तेव्हा आठी गेली. मी विचारलं, "काय ऐकावंसं वाटते?" बराच वेळ गेला, मग म्हणाल्या, "भुलाबाई." कोजागिरी होऊन गेली होती. तरी त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या दिवशी आली, बाजेवर बसली आणि भुलाबाईची गाणी म्हणू लागली. येताना झाकणाचा डबाही आणला होता. तो कानाशी खुळखुळवून विचारलं, "ओळख, खिरापत काय हाय?" दोन आठवडे घासभर न खाल्लेल्या आजी ओठ हलवत म्हणाल्या, "मुरमुरे. फुटाणे." बहीण म्हणाली, "अजून एक हाय." त्या हसल्या. गूळ होता, तो त्यांना ओळखता आला नाही.

म्हणून आधी विचारा. सवडीनं, एकांतात. "कशानं बरं वाटेल? कोणाला भेटावंसं वाटतं? कशाची रुखरुख आहे?" एवढे तीन प्रश्न पुरतात. उत्तर लगेच येत नाही. बसून राहायचं.

रुग्णाला आजार सांगायचा की नाही? "बाबाले काही सांगू नका जी, थे खचून जाईन."

दहातल्या नऊ घरी हे वाक्य मला दारातच ऐकू येतं. मी ते मोडून काढत नाही. ते मायेपोटी आलेलं असतं. पण आत गेल्यावर बाबा काय म्हणतात तेही ऐकलेलं आहे. "मले सारं समजते. पोट्ट्याले सांगू नका, थो रडते." बाप मुलाला जपतोय, मुलगा बापाला. दोघंही एकाच घरात एकटे.

माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हेच केलं. "अल्सर आहे, उन्हाळ्यापर्यंत बरं वाटेल" असं सगळ्यांनी ठरवून सांगितलं. ते गेल्यावर कळलं की त्यांनी शेजारच्या काकांना सगळं सांगून ठेवलं होतं. कोणाचे किती द्यायचे, बैलजोडी कोणाला द्यायची, आईनं माहेरी जाऊ नये, इथेच राहावं. आम्हाला सोडून त्यांनी ते शेजाऱ्याला सांगितलं, कारण त्यांच्याशी खरं बोलायची वाट आम्हीच बंद केली होती. हे मला आजही लागतं, आणि मी हे काम करते त्यातलं मोठं कारण तेच आहे.

सगळं एका दमात सांगायची गरज नाही. रुग्णानं विचारलं तर खोटं बोलू नका, आणि विचारलं नाही तर लादू नका. "तुम्हाला काय वाटते, आजार कसा चाललाय?" असं विचारून पाहा. तो जेवढं दार उघडेल तेवढंच आत जायचं. काहींना जाणून घ्यायचंच नसतं, तोही त्यांचा हक्क. खोट्या आशेऐवजी आपल्याला खरोखर देता येईल ते कबूल करा. "दुखू देणार नाही. रात्री कोणीतरी जवळ राहील." हे पाळता येतं.

तो सारखा म्हणतो, "हे माझंच पाप. मी खर्रा सोडला नाही." काय बोलावं?

विदर्भात तोंडाच्या कॅन्सरच्या घरी हे ऐकलं नाही असं क्वचितच होतं. खर्ऱ्यातली तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कॅन्सर करतात, हे खरं आहे. म्हणून "तसं काही नाही हो" म्हणून टाळू नका. त्याला माहीत आहे. आणि "सांगत होतो ना!" तर अजिबात नको. ते घरातल्या प्रत्येकाच्या ओठांवर असतं, मला ठाऊक आहे.

ज्याला आपण खर्रा म्हणतो तो बहुतेकांना शाळकरी वयात, वावरात किंवा पानठेल्यावर, मोठ्यांच्याच हातून मिळालेला असतो. भूक मारायला, झोप उडवायला. सवय जडते ती व्यसनामुळे, त्या माणसात खोट असते म्हणून नव्हे. हे सांगून पाहावं, पण आधी त्याला पूर्ण बोलू द्यावं. पाप या शब्दाच्या खाली बरेचदा दुसरंच काही असतं. एका पस्तिशीतल्या भाऊंनी तीन भेटींमध्ये पापच सांगितलं. चौथ्या भेटीत म्हणाले, बायकोचे डोरले गहाण टाकून उपचार झाले, तिला तोंड दाखवायची लाज वाटते. तोंडाला जखम असल्यानं त्यांचं बोलणं आता घरच्यांनाही नीट समजत नव्हतं, म्हणून पोराची वही घेतली आणि त्यांनी दोन ओळी लिहिल्या. वहिनींनी वाचल्या, वही मिटली आणि म्हणाल्या, "एवढंच होतं का?" मग त्यांच्या केसांना तेल लावत बसल्या.

माफी मागायची असेल, द्यायची असेल, कोणाचे आभार मानायचे असतील, तर माणसाला शुद्ध आहे तोवर. भावाभावांचा धुऱ्याचा वाद असेल, वीस वर्षांचा अबोला असेल, तर निरोप धाडा. येणारा येतो. नाही आला तरी रुग्णाला वाटतं की आपण आपल्याकडून हात पुढे केला.

घरात कोणता पाठ, कोणती प्रार्थना करावी?

त्याची जी, ती. एखाद्या घरी शेगावच्या महाराजांची पोथी, कुठे तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर, कुठे त्रिशरण-पंचशील आणि बुद्धवंदना, कुठे कलमा आणि यासीन. गोंड कुटुंबात घरच्या जाणत्याला, भूमकाला म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला बोलवायचं असतं. महानुभाव घरी नामस्मरण वेगळं. आम्ही कोणाला आमची प्रार्थना शिकवत नाही, आणि आमच्यापैकी कोणी शिकवू लागलं तर थांबवा.

आवाज हळू ठेवा, वेळ थोडा ठेवा. लाउडस्पीकर नको. धाप लागलेल्या माणसाजवळ धूप, उदबत्ती, कापूर नको, त्यानं खोकला उसळतो. दिवा चालेल, ऑक्सिजन लावलेला असेल तर तोही नको. आणि देव न मानणारी माणसं खेड्यातही आहेत. त्यांना शेवटी शेवटी "आता तरी नाव घ्या" असं म्हणून छळू नका. त्यांच्याजवळ पेपर वाचा, कापसाचा भाव सांगा.

भगताकडे नेऊ का? अंगारा लावला तर चालेल का?

अंगारा कपाळाला लावला तर कोणाचं बिघडत नाही. जखमेवर आणि पोटात मात्र काही जाऊ देऊ नका. चालू औषध बंद करायला सांगणारा, करणी कोणी केली म्हणून शेजारणीचं नाव घेणारा, बकरा-कोंबडा आणि पैसे मागणारा माणूस दारातूनच परत पाठवा. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात असे अघोरी उपाय गुन्हा ठरतात. कर्जातल्या घराला आणखी खड्ड्यात घालणाऱ्यांचा मला संताप येतो आणि तो मी लपवत नाही.

मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो म्हणतात. खरं का?

नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिलं तर मॉर्फिननं मरण जवळ येत नाही, आणि कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेणारा सहसा व्यसनी होत नाही. मिळायला ते कठीण होतं, कारण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात फार परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी झाली. तरी ते नोंदणी असलेल्या दवाखान्यातच मिळतं, म्हणून गोळ्या संपायच्या आधीच पुढची सोय करा. संडासला कडक होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. दुखणं ओसरलं की माणूस बोलतो, झोपतो, नातवाला जवळ घेतो. दुखणाऱ्या माणसाला अध्यात्म सांगणं ही क्रूरता आहे. आधी गोळी.

जेवतच नाही. आईनं विनोबांसारखं अन्न सोडलं का?

वर्ध्याकडे हे हमखास विचारतात. पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न, पाणी, औषध सोडलं, तो त्यांचा स्वतःचा निर्धार होता. आजारात भूक मरते ती वेगळी. शरीराला आता अन्न पेलत नाही. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो. जायला निघालेलं शरीर जेवण मागत नाही. जबरदस्तीनं भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो, ठसका लागतो. दोन चमचे ताक, बोरभर गूळ, ओठांना ओला कापूस, एवढं पुष्कळ.

सुनेला मात्र वाटत राहतं की लोक म्हणतील, उपाशी मारलं. पाहुण्यांनो, कृपा करून बाजेशी उभं राहून "काहीच खाऊ घालत नाही का?" असं विचारू नका.

जखमेचा वास येतो. लोक येणं टाळतात, तोही तोंड फिरवून घेतो.

वासावर उपाय आहे. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाकतात, त्यानं वास पुष्कळ कमी होतो. किती आणि कशी हे नर्सताईंकडून शिकून घ्या. अळ्या झाल्या तरी घाबरू नका, त्या काढता येतात. त्यानं कोणाचं काही वाईट केलं होतं म्हणून झाल्या, हे बोलणं बंद करा. माशी बसली म्हणून झाल्या. आणि त्याच्यासमोर नाकाला पदर लावू नका. शक्य असेल तर हात हातात घ्या. कॅन्सर शिवल्यानं लागत नाही.

"आता मले मरू द्या" म्हणतात. घाबरायला होतं.

आधी दुखणं बघा. त्याच्या खाली बहुतेक वेळा न आवरलेलं दुखणं किंवा "मी ओझं झालो" ही भावना असते. मग सरळ विचारा, "जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. हो म्हटलं तर एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी घरातून दुसरीकडे हलवा. शेतकऱ्याच्या घरात ती खाटेखाली असतात, आम्ही पाहिलं आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलतात. सांभाळणाऱ्यांनीही लावावा.

शेतात जायचं म्हणतात. अशा अवस्थेत नेऊ का?

न्या. डॉक्टरांना विचारा, निघण्याआधी दुखण्याची गोळी द्या, आणि न्या. वर्धा नदीकाठच्या एका गावात पोरांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडबा अंथरून, त्यावर गादी टाकून बाबूजींना वावरात नेलं. मला वाटलं होतं ते डोळे भरून पाहतील, शांत होतील. त्यांनी पऱ्हाटीच्या ओळी पाहिल्या आणि थोरल्याला झापलं, "डवरणीले उशीर केला ना!" थोरला मला नंतर सांगत होता, दोन महिन्यांनी बाप रागावला माझ्यावर. सांगताना तो रडत होता आणि खूश होता.

मेलेली माणसं दिसतात, त्यांच्याशी बोलतात. वेड लागलं का?

शेवटच्या दिवसांत हे पुष्कळांना होतं. आई दिसते, गेलेला भाऊ बोलावतो. त्यांना त्याची भीती वाटत नसेल तर खोडून काढू नका, "काय म्हणते माय?" असं विचारा. पण घाबरत असतील, कपडे ओढत असतील, ओरडत असतील, तर ते वेगळं. लघवी अडकली, ताप आला, औषध जास्त झालं, अशी कारणं असतात. नर्सला फोन करा.

नातवंडांना काय सांगायचं?

खरं, त्यांना समजेल एवढं. "आजोबा फार आजारी आहेत, बरे होणार नाहीत." "झोपले" म्हणू नका, मूल रात्री झोपायला घाबरतं. "तुझ्यामुळे नाही" हे मात्र आवर्जून सांगा, न विचारता सांगा.

शेवट जवळ आला हे कसं ओळखायचं? तेव्हा काय करायचं?

झोप वाढते. गिळता येत नाही. हातपाय गार पडतात, निळसर दिसतात. श्वास थांबून थांबून येतो, मध्येच मोठा खंड पडतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला फार लागते, पण बेशुद्ध माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. कधी एखादा दिवस माणूस एकदम तरतरीत होतो, चहा मागतो. दिवा विझताना मोठा होतो असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. त्या दिवशी मुंबई-पुण्याच्या मुलांना फोन करा, सलाईन लावायला धावू नका.

गंगाजल द्यायचं असतं. ओतू नका. कापसानं ओठ ओले करा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. "खाली घ्या, खाली घ्या" म्हणून गडबड होते. घ्यायचंच असेल तर चौघांनी चादरीसकट अलगद घ्या, खाली गादी असू द्या. श्वास थांबल्यावर घेतलं तरी रीत मोडत नाही, आमच्याकडच्या जाणत्या म्हाताऱ्यांनीच हे सांगितलेलं आहे. खोलीत अख्खं गाव नको. दोघं-तिघं जवळ, बाकीचे ओसरीत.

आणि बोला. बेशुद्धीतही कानाला ऐकू येत असावं असं मानून बोला. बाजेशी जमिनीच्या वाटणीवरून भांडू नका. "आम्ही सांभाळून घेऊ" हे वाक्य ज्यानं म्हणायला हवं त्यानंच म्हणावं.

मशीनवर ठेवू नका असं त्यांनी सांगितलंय. ते चालतं का?

सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला असं लिहून ठेवायचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. घरीच राहायचं ठरलं असेल तर याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या भावंडांचं एकमत. नाहीतर रात्री दोनला कोणीतरी घाबरून १०८ ला फोन करतं आणि माणूस रस्त्यात जातो.

सांभाळणारी मीच आहे. मला रडायलाही वेळ नाही.

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात हेच मोठं आहे. बहुतेकजणी विचारत नाहीत. कधी कधी "सुटावं आता" असं मनात येतं आणि मग स्वतःचीच घृणा वाटते. ते जवळजवळ प्रत्येकीच्या मनात येतं. थकलेल्या शरीराचा तो विचार असतो, माया आटल्याचा नाही. रात्रीच्या पाळ्या लावा, पुरुषांनाही लावा. कूस बदलणं, तोंड पुसणं कोणालाही शिकता येतं.

गेल्यावर तेरवीपर्यंत माणसं असतात. नंतर?

नंतरच खरं कठीण. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करा, दवाखान्याची फाइल जपून ठेवा. वारस नोंदीला आणि योजनांना ही कागदपत्रं लागतात. त्या कामात दिवस जातात. मग एका दुपारी औषधाचा डबा दिसतो. "नागपूरला आधी नेलं असतं तर" हा विचार सगळ्यांना छळतो. आम्ही महिन्याभरानं परत जातो, तेव्हा मी फक्त त्यांच्याबद्दल विचारते. नाव घेऊन. घरात त्यांचं नाव कोणी घेत नसतं.

आम्ही शेजारी आहोत. आम्हाला काही येत नाही. जाऊन काय करू?

"काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. त्यांच्या वावरात एक फवारणी करून द्या. ढोरांना पाणी पाजा. संध्याकाळी चार भाकरी आणि पिठल्याचा डबा द्या, आणि डबा परत न्यायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.